प्रश्नाची किंमत

(येलदरी येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मृतीसाठी गावानं ही व्याख्यानमाला चालवली आहे, ते शाळेत गणित शिकवायचे, सप्ताहात रात्रीचा पहारा द्यायचे, आणि देव आहे का असं कुणी विचारलं तर आपलं अजून ठरलेलं नाही असं सरळ सांगायचे. गावानं त्यांना यातल्या कशावरूनही दूर लोटलं नाही. संयोजकांनी मला ‘श्रद्धा, शंका आणि जगण्याचा अर्थ’ हा विषय दिला, तेव्हा वाटलं, या गावाला हा विषय नवा नाही. म्हणून दूरच्या तत्त्वज्ञांपासून सुरुवात न करता आपल्या पायाखालच्या जमिनीपासूनच करतो.

आपण पूर्णेच्या काठी बसलो आहोत. ही नदी अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते. वरच्या अंगाला बुलडाणा जिल्ह्यात तिच्यावर खडकपूर्णा प्रकल्प आहे, आणि त्याच्या जलाशयाला संत चोखासागर असं नाव दिलं आहे, कारण त्याच परिसरातलं मेहुणा राजा हे चोखोबांचं जन्मगाव, अशी परंपरा आहे. तिथलं पाणी आपल्या येलदरीत येतं. येलदरीतून ते खाली सिद्धेश्वर धरणात जातं, म्हणजे औंढा नागनाथाच्या मुलखात, जिथे नामदेवांना विसोबा खेचर भेटले असं आपण पिढ्यानपिढ्या ऐकत आलो. सिद्धेश्वरच्या कालव्यांनी पुढे वसमतचा भाग भिजतो. त्याच वसमत तालुक्यातल्या कुरुंद्याला १५ जुलै १९३२ रोजी नरहर कुरुंदकर जन्मले, मराठवाड्यानं पाहिलेला सर्वांत स्पष्ट बोलणारा नास्तिक. १ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा वेगळा झाला. त्याआधी नरसी, औंढा, कुरुंदा ही सगळी गावं आपल्याच परभणी जिल्ह्यात होती. गोदाकाठचं जनाबाईंचं गंगाखेड तर आजही आहे.

एकाच नदीच्या पाण्यानं एकीकडे देवाच्या दारात उभा राहिलेला चोखोबा जोडला आहे, दुसरीकडे देव नाही असं सांगणारे कुरुंदकर. या दोघांना आमनेसामने उभं करून कोण बरोबर, हे ठरवायला मी आलेलो नाही. मला आज एकच गोष्ट सांगायची आहे. श्रद्धा धरली म्हणून कुणाच्या आयुष्याला अर्थ येत नाही, आणि शंका घेतली म्हणून कुणाचं आयुष्य रिकामं होत नाही. माणूस जे मानतो त्याची किंमत तो स्वतः मोजतो का, यावर सगळं अवलंबून आहे.

नामदेवांपासून पाहू. परंपरेनं त्यांचा जन्म १२७० चा, आणि त्यांचं मूळ गाव आपली नरसी. लहानपणीच देवाला नैवेद्य जेवू घालणारा, विठ्ठलाशी बोलणारा हा मुलगा. अशा माणसाच्या मनात शंका कशी असणार? पण परंपरेनं त्यांच्याबद्दल जी गोष्ट जपून ठेवली, ती विलक्षण आहे. संतांच्या मेळाव्यात गोरोबाकाका कुंभाराच्या थापटण्यानं एकेकाचं डोकं ठोकून पाहतात, आणि नामदेवांचं मडकं कच्चं निघतं. नामदेव रागावतात, दुखावतात. साक्षात देव ज्याच्याशी बोलतो, तो कच्चा कसा? आणि मग ते औंढ्याला येतात. तिथे विसोबा खेचर शिवलिंगावर पाय टाकून पडलेले. नामदेव म्हणतात, पाय काढा. विसोबा म्हणतात, जिथे देव नसेल तिथे तूच उचलून ठेव.

ही गोष्ट आपण सगळ्यांनी कीर्तनात ऐकली आहे, आणि म्हणूनच तिची धार बोथट झाली आहे. नीट पाहा. वारकरी परंपरेनं आपल्या सर्वांत लाडक्या भक्ताबद्दल सांगून ठेवलं, की याची श्रद्धा अपुरी होती, आणि ती पुरी झाली ती तिच्यावर घाव बसल्यावर. ज्या विसोबांनी तो घाव घातला, तेही एकेकाळी ज्ञानदेवादी भावंडांना छळणारे, असं परंपराच सांगते. म्हणजे गुरू एके काळचा विरोधक, आणि शिष्य कच्च्या मडक्याचा. नामदेवांनी मोजलेली किंमत म्हणजे आपण पोचलेले आहोत हा अभिमान. तो सोडल्यावर ते पंढरपुरातच बसून राहिले नाहीत. पंजाबात घुमानपर्यंत गेले, आणि शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात त्यांची ६१ पदं आहेत. सगळीकडे देव आहे, हे ज्याला पटलं, त्याला एका गावात थांबता येईना.

औंढ्याचीच दुसरी गोष्ट. नामदेव देवळासमोर कीर्तनाला उभे राहिले, पुजाऱ्यांनी त्यांना मागे जायला सांगितलं, आणि देऊळच फिरलं. आजही नंदी मागच्या बाजूला का, याचं कारण म्हणून लोक ही गोष्ट सांगतात. देऊळ खरोखर फिरलं का, याचा शोध इतिहास आणि स्थापत्य जाणणाऱ्यांनी घ्यावा, आणि तो घेण्यानं कुणाचा अपमान होत नाही. पण ज्या समाजानं ही गोष्ट सातशे वर्षं सांभाळली, त्याला मनातून काय वाटत होतं तेही कळायला हवं. पुजाऱ्यांची चूक झाली, आणि देव ढकललेल्या माणसाच्या बाजूला वळला, असं या समाजाला वाटत होतं. धर्माच्या नावानं चाललेल्या अन्यायाबद्दलची शंका लोकांनी अशी देवाच्याच गोष्टीत ठेवून दिली.

आता जनाबाई. गंगाखेडची, लहानपणीच दामाशेटींच्या घरी आलेली, आयुष्यभर दळण, कांडण, झाडलोट करणारी. तिच्या अभंगांत विठ्ठल जातं ओढू लागतो, शेण वेचतो. आपण त्यातला गोडवा घेतो. पण ही बाई विठ्ठलाला शिव्याही घालते, त्याच्या नावानं बोटं मोडते. ज्याच्यावर रागावता येतं त्याच्याशीच खरं नातं असतं, हे आपल्या घरातल्या बायकांना कुणी शिकवावं लागत नाही. जनाबाईंचा देव म्हणजे दिवसभराच्या कष्टात जिच्याकडे कुणी पाहत नव्हतं, तिच्याकडे पाहणारा कुणीतरी. त्या सोबतीमुळे जात्यावरचं दळण हलकं झालं नाही, पण दळणारी बाई क्षुल्लक राहिली नाही.

आणि चोखोबा. इथे मला जपून बोललं पाहिजे. मघाशी मी म्हणालो, किंमत स्वतः मोजली का ते पाहा. चोखोबांची गोष्ट सांगताना आपण नेहमी म्हणतो, केवढी त्यांची भक्ती, देवळाबाहेर राहूनही ढळली नाही. पण त्यांना बाहेर कुणी ठेवलं? ज्यांची श्रद्धा गाभाऱ्यात सुखानं बसली होती, तिची किंमत चोखोबा मोजत होते. १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर असताना भिंत कोसळून ते गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरात आणल्या, आणि महाद्वारासमोर त्यांची समाधी झाली. मेल्यावरही दाराबाहेरच. त्यांच्या घरात सोयराबाई होत्या, मुलगा कर्ममेळा होता. या कर्ममेळ्याचे अभंग वाचा. बाप ज्या ठिकाणी हात जोडून थांबला, तिथे मुलगा देवाला जाब विचारतो, की आम्हाला असा जन्म देऊन तू काय साधलंस? चौदाव्या शतकातला हा मुलगा देवाला नाकारत नाही, पण सोडतही नाही. त्याच्या प्रश्नाला उत्तर मिळायला किती काळ गेला? पंढरपूरचं मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींनी उपोषण केलं ते मे १९४७ मध्ये. चोखोबा जाऊन सहाशे वर्षांहून अधिक काळ लोटला होता. आणि हे उपोषण करणारे साने गुरुजी स्वतः अतिशय भाविक. देवासाठी जीव पणाला लावणाऱ्या त्या माणसाला देवाच्या दारात बसूनच उपाशी राहावं लागलं.

श्रद्धेची पहिली परीक्षा मला इथे दिसते. माझ्या श्रद्धेची किंमत दुसरा कुणी मोजतो आहे का? माझ्या घरातलं सोवळं सांभाळायला सुनेला बाजूला बसावं लागतं का? माझ्या नवसापायी घर कर्जात जातं का? माझ्या बाबांच्या, बुवांच्या नादापायी आजारी मुलाला दवाखान्यात न्यायला उशीर होतो का? तसं होत असेल, तर ती श्रद्धा फार स्वस्त आहे, कारण बिल दुसऱ्याच्या नावानं फाटतं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ पासून महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कामात हेच बोट ठेवलं. देव मानायचा की नाही यावर समितीनं कुणाला अडवलं नाही. देवाच्या नावानं माणसाला लुबाडणं, छळणं थांबवा, एवढंच मागणं होतं. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या गेल्या, आणि त्याच वर्षी डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळात मंजूर झाला. प्रश्न विचारण्याची पुरी किंमत त्यांनी दिली.

काही जण प्रश्न विचारून घरातच राहतात, काही जण घर सोडतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घर सोडलं, आणि आपल्या मराठवाड्यातली लाखो माणसं त्यांच्यामागे गेली. ते सोडणं किती सावकाश, किती जड मनानं झालं, याकडे आपण पुरेसं पाहत नाही. १९२० साली ‘मूकनायक’ काढलं तेव्हा त्याच्या शिरोभागी त्यांनी तुकोबांचा अभंग घेतला. पुढे ‘बहिष्कृत भारत’ला ज्ञानेश्वरीतल्या ओव्या घेतल्या. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात धर्मांतराची घोषणा केली, आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बौद्ध धम्म स्वीकारला. मध्ये एकवीस वर्षं गेली. त्या काळात, १९४८ साली अस्पृश्यतेच्या उगमावरचा ग्रंथ लिहिला, तो त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तीन संतांच्या स्मृतीला अर्पण केला. म्हणजे संत चोखासागराचं पाणी जसं येलदरीत येतं, तसा चोखोबांचा प्रश्नही बाबासाहेबांपर्यंत आला. चोखोबांच्या घराण्याला जे जमलं नव्हतं, ते त्यांनी केलं. उत्तर मिळत नाही अशा दाराशी उभं राहणं त्यांनी थांबवलं.

आणि त्यांनी निवडलेली वाट कोणती? बुद्धांची एक कथा आहे. मालुंक्यपुत्त नावाच्या भिक्खूला जग शाश्वत आहे की नाही, मरणानंतर काय, याची उत्तरं हवी होती. ती मिळाल्याशिवाय तो पुढे जायला तयार नव्हता. बुद्धांनी त्याला विषारी बाण लागलेल्या माणसाची गोष्ट सांगितली. बाण कुणी मारला, तो कोणत्या कुळाचा, धनुष्य कशाचं, हे कळल्याशिवाय बाण काढू देणार नाही असा हट्ट त्या माणसानं धरला, तर उत्तरं मिळण्याआधी तो मरेल. आधी बाण काढा. ज्या समाजाच्या अंगात शतकानुशतकं बाण रुतलेला होता, त्याच्या नेत्याला ही वाट जवळची वाटली, यात नवल नाही. ज्यांनी श्रद्धेचं घर सोडलं त्यांच्या आयुष्यातला अर्थ हरवला, असं कुणी म्हणत असेल, तर त्यानं आपल्याच गावातल्या बुद्धविहारात जाऊन बसावं. तिथे बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर अभ्यास करणाऱ्या मुलीकडे पाहावं. तिला आयुष्याचा अर्थ विचारायची गरज पडणार नाही.

आता कुरुंदकर. हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या काळात वाढलेला, नांदेडला आधी शाळेत आणि मग पीपल्स कॉलेजात शिकवणारा हा माणूस. देव मानत नव्हते, ते लपवतही नव्हते. पण त्यांचं काम पाहा. मनुस्मृतीवर लिहिलं, महाभारतावर लिहिलं, संतांवर बोलले. ‘श्रीमान योगी’ला त्यांची प्रस्तावना आहे. ज्या परंपरेतला देव त्यांना पटत नव्हता, त्या परंपरेचा त्यांनी भाविकापेक्षाही जास्त अभ्यास केला. बोलावील त्या गावी जाऊन व्याख्यानं दिली, मराठवाड्यातल्या एका पिढीला वाचायला आणि विचार करायला लावलं. १९८२ साली, पन्नाशी गाठण्याआधीच, ते गेले. नास्तिक माणसाकडे जगण्याला काय आधार असतो, असं मला तरुण मुलं विचारतात, तेव्हा मी त्यांना कुरुंदकरांची पुस्तकं वाचायला सांगतो. ज्याला नाकारायचं ते आधी पूर्ण समजून घ्यायचं, ही त्यांनी स्वतःच्या शंकेला लावलेली शिस्त होती, आणि ती त्यांनी अखेरपर्यंत पाळली.

शंकेची परीक्षा मी इथून घेतो. शंकाही स्वस्त असू शकते. वारीला निघालेल्या म्हाताऱ्या आईला हसणं फार सोपं आहे. फोनवर चार ओळी पुढे ढकलून देवाधर्माची टिंगल करणं त्याहून सोपं. त्याला ज्ञान लागत नाही, कष्ट लागत नाहीत, आणि त्यातून कुणाचंही दुःख कमी होत नाही. आई पंढरपूरला चालत जाते, तेव्हा ती काय घेऊन जाते आणि काय घेऊन येते, हे विचारण्याचीही ज्याला इच्छा नाही, त्याच्या शंकेला मी आळस म्हणेन.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. आपल्यापैकी बहुतेक जण नामदेवही नाहीत आणि कुरुंदकरही नाहीत. आपण मधे आहोत. आषाढीला उपवास करतो आणि पाऊस नाही पडला की देवावरचा विश्वास उडतो. पोराच्या परीक्षेआधी जिंतूरजवळच्या नेमगिरीला जाऊन हात जोडतो, परभणीच्या तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसात चादर चढवतो, आणि रात्री झोप लागत नाही तेव्हा हे सगळं ऐकणारं कुणी आहे का, असा विचार मनात येतो. यात लाजण्यासारखं काही नाही. मदर तेरेसांची खाजगी पत्रं त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, २००७ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा जग चकित झालं. अनेक दशकं त्यांना देव जवळ असल्याचं जाणवत नव्हतं. आत अंधार होता, आणि तरी कोलकात्याच्या रस्त्यावरच्या मरणोन्मुख माणसांना उचलणं त्यांनी एक दिवसही थांबवलं नाही. आणि नेमगिरी ज्यांची, त्या जैनांचं दर्शन तर सांगतंच, की सत्याला अनेक बाजू असतात आणि एका माणसाला त्या सगळ्या एकाच वेळी दिसत नाहीत. आपलं मन एका जागी ठरत नाही, हा कमकुवतपणा समजू नका. ते ठरत नसताना आपण काय करतो, ते महत्त्वाचं.

मग काय करायचं? मला वाटतं, संकटात आपण जे ‘का?’ विचारतो, त्यात दोन वेगळे प्रश्न गुंतलेले असतात, आणि ते सोडवून पाहिले की श्रद्धा आणि शंका यांची निम्मी भांडणं मिटतात.

आपल्या मुलखातला सगळ्यांत जुना प्रश्न घ्या, पाऊस का पडला नाही? या प्रश्नासाठी आपल्या गावांनी धोंडी काढली, लिंबाच्या पाल्यानं झाकलेल्या पोरांच्या डोक्यावर घराघरातून पाणी ओतलं, पाण्यानं गाभारा भरून महादेव कोंडला. आणि याच प्रश्नासाठी कुणीतरी पूर्णेचं खोरं मोजलं, नकाशे काढले, दगड फोडले, आणि १९६८ साली हे येलदरी धरण उभं राहिलं. सुमारे ९३४ दशलक्ष घनमीटर पाणी धरणारं, साडेबावीस मेगावॅट वीज देणारं. पावसाचं कारण शोधणारा प्रश्न अभ्यासानं आणि घामानं सोडवायचा असतो. तिथे श्रद्धेनं शास्त्राचं काम अंगावर घेऊ नये. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रानं देवाला साकडं घातलंच, पण तेवढ्यावर थांबला नाही. वि. स. पागे यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला जो प्रयोग सुरू केला होता, हाताला काम आणि कामाला दाम देण्याचा, तो त्या दुष्काळात राज्यभर पोचला आणि १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. पाऊस आला नाही तरी माणूस उपाशी मरता कामा नये, हे ठरवायला आधी असं मानावं लागतं, की दुष्काळ हे नशीब असलं तरी भूकबळी हे नशीब नाही. ही शंका होती, आणि तिनं लाखो चुली पेटत्या ठेवल्या.

पण दुसरा एक ‘का’ आहे. कर्जानं आणि नापिकीनं खचून ज्या घरातला कर्ता गेला, त्या घरातली बाई विचारते, देवानं माझ्याच वाट्याला हे का दिलं? तिला कापसाच्या भावाचं गणित हवं असतं का? ते गणित मांडलंच पाहिजे, सरकारच्या आणि बाजाराच्या दारात मोठ्यानं मांडलं पाहिजे. पण त्या क्षणी ती कारण विचारत नाही, ती सोबत मागते. पूर्वजन्मीचं कर्म म्हणून समजूत घालणारा भाविक तिला दुखावतो. देव नसतोच, असं सांगणारा विवेकवादीही तिला दुखावतो. दोघांनीही तिचा प्रश्न चुकीचा ऐकला. ज्या घरात चूल पेटत नाही तिथे भाकरी घेऊन जाणारी शेजारीण तो प्रश्न बरोबर ऐकते. तेराव्यानंतर पाहुणे पांगतात, खरी गरज त्यानंतर सुरू होते. पेरणीच्या वेळी औत कोण देणार, बँकेत तिच्याबरोबर कोण जाणार, पोरीची फी कोण भरणार, याची उत्तरं कुठल्याही पोथीत किंवा प्रयोगशाळेत तयार नसतात. ती माणसानं माणसाला द्यायची असतात.

तुकोबांना हे दोन्ही ‘का’ भेटले होते. १६३० च्या दुष्काळात त्यांची पहिली पत्नी आणि मुलगा गेला, धंदा बुडाला. देव आणि दुःख यांचा हिशेब ज्याला आयुष्यभर लागला नाही आणि तरी ज्यानं देवाशी बोलणं सोडलं नाही, असा तो कवी. परंपरा सांगते, की लोकांकडून येणं असलेल्या कर्जाच्या आपल्या वाट्याच्या वह्या त्यांनी इंद्रायणीत बुडवल्या. दुष्काळानं ज्याचं घर उद्ध्वस्त केलं, त्यानं दुष्काळानं मोडलेल्या दुसऱ्या घरांकडून वसुली सोडून दिली. देवानं असं का केलं, याचं उत्तर त्यांना मिळालं नसेल. पण आता मी काय करायचं, हे त्यांना कळलं होतं, आणि त्यांनी ते स्वतःच्या खिशातून केलं.

कुणी विचारेल, मग देव आहे की नाही, हा प्रश्नच गौण ठरवायचा का? तसं मी म्हणणार नाही. ज्यांना तो छळतो त्यांनी तो विचारत राहावं, वाचावं, वाद घालावा. जनाबाईसारखं देवाशी भांडावं, कर्ममेळ्यासारखा जाब विचारावा, कुरुंदकरांसारखं नाकारावं. श्रद्धेत काही गोष्टी मिळतात ज्या शंकेला देता येत नाहीत. एकटेपणात बोलायला कुणी असणं, बापजाद्यांनी म्हटलेलं तेच आपण म्हणतो आहोत याचा धीर, सगळ्या गावानं एका ठिकाणी जमण्याचं निमित्त. शंकेतही काही मिळतं जे श्रद्धा सहसा देत नाही. घाबरवणाऱ्याला न घाबरणं, कारण शोधण्याची हिंमत, आणि आपल्याच माणसांची चूक दाखवण्याचं बळ. जो समाज यातली एकच बाजू ठेवतो आणि दुसरी हाकलून देतो, तो दुबळा होतो. आपल्या मुलखानं नामदेवही सांभाळले, त्यांचं मडकं कच्चं आहे म्हणणारे गोरोबाही सांभाळले. ती समज आपण आज हरवू नये.

आपल्या सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवत नाहीत. एकाचा पहारा संपला की दुसरा ती गळ्यात घेतो. घेणाऱ्याची श्रद्धा किती पक्की, हे त्या वेळी कुणी तपासत नाही. त्याची वेळ आहे आणि तो जागा आहे, एवढं पुरतं. गावातली दुःखं, गावातली पोरं, गावाचं पाणी, यांचा पहाराही तसाच वाटून घ्यायचा असतो. त्यात देव मानणारा हवा, न मानणारा हवा, आणि ज्याचं अजून ठरायचं आहे तोही हवा.

माझ्यासमोर तरुण मुलं-मुली बसल्या आहेत. कुणी पुण्याला, संभाजीनगरला शिकायला जाणार, कुणी इथेच सोयाबीन आणि तूर पिकवणार. तुमच्या आयुष्यात असे दिवस येतील, की घरच्या देवघरासमोर उभं राहून मनात काहीच उमटणार नाही, आणि असेही येतील, की कधी न जोडलेले हात आपोआप जोडले जातील. दोन्ही दिवशी घाबरू नका. स्वतःला विचारा, आज मी जे मानतो, त्यापायी माझ्या हातून काय व्हायला हवं? श्रद्धा असेल, तर दारात कुणी थांबलं आहे का ते पाहा आणि त्याला आत घ्या. शंका असेल, तर जे नाकारता ते आधी पुरतं समजून घ्या, आणि ज्यानं कुणाचं तरी भलं होईल असं एखादं सत्य कष्टानं शोधून काढा.

देव आहे की नाही, याचं उत्तर मिळेपर्यंत जगणं थांबवून ठेवता येत नाही. त्या उत्तराशिवायही माणसाला चांगलं, भरलेलं आयुष्य जगता येतं, हे या नदीच्या काठच्या माणसांनी दाखवून दिलं आहे. तुम्ही काय मानावं हे मी सांगणार नाही, तो अधिकार माझा नाही. एवढंच सांगतो, जे मानाल त्याची किंमत स्वतः मोजा, ती दुसऱ्याकडून वसूल करू नका.